न धावणारे सर

आयुष्यात एकदाही घाई न केलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो पाहायला मला अमेरिकेत यावं लागलं. जिथे लोक गाडी चालवता चालवता नाश्ता उरकतात आणि चालायलासुद्धा पळायचे बूट घालून बाहेर पडतात, त्या देशात, न्यू जर्सीतल्या पार्सिपनी गावच्या आमच्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये, बरोबर आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर हे गृहस्थ राहत. सगळे त्यांना सर म्हणत. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, एका औषध कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायच्या, एक शाळेत जाणारी मुलगी होती, आणि सर काहीच करत नसत. खरं तर त्यांना काही करायची परवानगीच नव्हती. नागपूरच्या एका कॉलेजात वर्षानुवर्षं प्राणिशास्त्र शिकवून, तिथून बिनपगारी रजा घेऊन ते बायकोच्या पाठोपाठ इथे आले होते. त्यांच्या पासपोर्टवर जो शिक्का होता तोच माझ्याही पासपोर्टवर होता, एच-फोर. नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराला मिळणारा हा व्हिसा मोठा मजेशीर असतो. राहा, फिरा, गाडी चालवा, मुलं वाढवा, पण नोकरी करायची नाही. मी पुण्यात बँकेत अधिकारी होते, इथे डबे घासत होते. त्यामुळे सरांबद्दल मी फार तटस्थपणे लिहीन अशी अपेक्षा कुणी करू नये.

सरांच्या न धावण्याला शास्त्राचा भक्कम आधार होता. विनॉक्सीश्वसन हा त्यांचा जीव की प्राण. ऑक्सिजनशिवाय शरीर कसं काम चालवतं, या एका विषयावर ते कुठेही, कुणाशीही, कितीही वेळ बोलू शकत. आमची पहिली भेट तळघरातल्या लाँड्रीरूममध्ये झाली. "हे बघा ताई," ते म्हणाले, "माणूस जिवाच्या आकांतानं धावला की स्नायूंना ऑक्सिजन पुरत नाही. मग ते काय करतात? ऑक्सिजनशिवायच साखर मोडतात. तेवढ्यापुरतं काम भागतं, पण ऊर्जा मिळते चिमूटभर आणि मागे उरतं लॅक्टिक आम्ल. दुसऱ्या दिवशी पिंडऱ्या दुखतात ना, ते त्याचंच काम. शिवाय थांबल्यावर धापा टाकत, कमी पडलेला ऑक्सिजन भरून काढायचा तो वेगळाच. एवढा उपद्व्याप सांगितला कोणी? पाच मिनिटं आधी निघावं माणसानं." मी फक्त ड्रायर रिकामा आहे का, एवढंच विचारलं होतं.

हे नुसतं बोलणं नव्हतं, सर तसे वागतही. त्या पहिल्याच थंडीत मी कढीला फोडणी दिली आणि धुरानं अख्ख्या बिल्डिंगचा अलार्म ठणाणा वाजायला लागला. लोक स्लीपर घालून, टॉवेल गुंडाळून, मांजरं बगलेत मारून बर्फात धावले. मी तर लाटणं हातात घेऊनच बाहेर आले होते. सगळ्यात शेवटी सर उतरले. कोटाची सगळी बटणं लावलेली, गळ्यात मफलर, हातात चहाचा कप. खालच्या मजल्यावरची एक जाडजूड अमेरिकन आजी धापा टाकत उभी होती, तिला ते आपुलकीनं म्हणाले, "मॅडम, युवर मसल्स आर वर्किंग विदाउट ऑक्सिजन." तिला वाटलं हे अग्निशमन दलाचे डॉक्टर, म्हणून तिने मुकाट्यानं मनगट पुढे केलं. सरांनीही नाडी पाहिली आणि "गुड, व्हेरी गुड," म्हणून चहाचा घोट घेतला. मुलीच्या स्कूलबसचीही तीच गत. ती पुढे पळत "बाबा, द बस!" म्हणून किंचाळायची आणि सर मागून "थांबेल बेटा, थांबेल," म्हणत रमतगमत यायचे. बस कधीच थांबायची नाही. मग ते तिला चालत शाळेत पोचवायचे. ती उशिरा पोचायची, पण दमलेली नसायची, हे ते अभिमानानं सांगत.

सकाळी सगळ्यांच्या गाड्या निघून गेल्या की कॉम्प्लेक्स आम्हा एच-फोरवाल्यांचं असायचं. आम्ही काही बायका क्लबहाउसमध्ये जमायचो. सर आमच्यातले एकमेव पुरुष. सुरुवातीला आम्हाला संकोच वाटला, त्यांना अजिबात नाही. त्यांना समोर चार माणसं बसलेली दिसली की झालं. न्यू जर्सीच्या थंडीत इडलीचं पीठ फुगत नाही, ओव्हनचा दिवा लावून आत ठेवावं लागतं, अशी तक्रार कुणीतरी केली, तर सरांनी त्यावर सबंध सकाळ घेतली. "तुमच्या पिठाला आंबट करतं तेच आम्ल तुमच्या पिंडऱ्यांत असतं," असं त्यांनी सांगितल्यापासून आमच्यातल्या एकीने इडली खाणंच सोडलं. मराठी मंडळाच्या संक्रांतीला मात्र सरांना पुरुषांच्या घोळक्यात उभं राहावं लागे आणि तिथला पहिला प्रश्न ठरलेला असे, "आपण कुठे?" म्हणजे कुठल्या कंपनीत. एकदा सर शांतपणे म्हणाले, "मी सध्या विनॉक्सी आहे." समोरच्याने भुवया उंचावल्या. "अच्छा, स्टार्टअप का? फंडिंग वगैरे आहे ना यार?" "नाही ना," सर म्हणाले, "तोच तर प्रॉब्लेम आहे." आम्ही बायका पलीकडे तिळगूळ वाटत होतो, आम्हाला हसू आवरेना. वहिनी मात्र हसल्या नाहीत.

कॉम्प्लेक्सच्या मागे एक तळं होतं आणि तळ्यात एक ओंडका आडवा पडलेला होता. त्यावर मानेला पिवळे-लाल पट्टे असलेलं एक कासव ऊन खात बसायचं. सरांची त्याच्याशी शरद ऋतूतच ओळख झाली होती. थंडी पडली तसं ते दिसेनासं झालं आणि मग तळंच गोठलं. "मेलं का हो?" मी विचारलं. सरांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला की मला प्रश्न विचारल्याचा पश्चात्ताप झाला. "मेलं कसं? खाली चिखलात बसलं आहे. वर बर्फाचं झाकण, पाण्यात ऑक्सिजनचा पत्ता नाही. माणूस काही मिनिटांत आटोपला असता. आपला मेंदू एवढा लाडावलेला आहे, त्याला ऑक्सिजनशिवाय क्षणभर चालत नाही. हे बेटं महिनेच्या महिने काढतं. हृदय इतकं सावकाश चालतं की एका ठोक्यापासून दुसऱ्यापर्यंत तुमचा चहा होऊन जाईल. आणि अंगात साचलेलं आम्ल मारायला ते कवचातला चुना वापरतं. राहतं घर झिजवून जगतं ते, ताई." मग म्हणाले, "अट एकच. हलायचं नाही." तेव्हापासून रोज सकाळी थर्मास घेऊन सर त्या गोठलेल्या तळ्याकाठी उभे राहायला लागले. काय बघता, विचारलं तर म्हणायचे, "काही दिसत नाही. पण ते आहे ना खाली."

ते दिवस बरे नव्हते. न्यूयॉर्कचे जुळे मनोरे पडून फार काळ लोटला नव्हता. सावळ्या माणसाने पाण्याकडे टक लावून उभं राहणं तेव्हा कुणाला आवडत नव्हतं. एका सकाळी मी पोळ्या लाटत होते आणि खिडकीतून पोलिसाची गाडी तळ्याशी थांबलेली दिसली. मी तशीच, पिठाचे हात घेऊन, कोट न घालता धावले. पोलीस तरुण होता, अदबीनं बोलत होता. इथे काय करताय, असं त्याने विचारलं होतं. "आय ॲम वेटिंग फॉर अ टर्टल, ऑफिसर," सर सांगत होते. "इन जॅन्युअरी?" "नो, नो. ही विल कम इन एप्रिल." पोलिसाने माझ्याकडे पाहिलं, माझ्या पिठाच्या हातांकडे पाहिलं. मग सहज विचारावं तसं त्याने विचारलं, "अँड व्हॉट डू यू डू, सर?" ज्या माणसाकडे प्रत्येक प्रश्नाला तासाभराचं उत्तर असायचं, त्याने थर्मासचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. मग म्हणाले, "नथिंग." पोलीस "स्टे वॉर्म" म्हणून निघून गेला. त्याने काही वाईट केलं नाही, पण तो एक शब्द सरांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला.

संध्याकाळी वरून वहिनींचा आवाज ऐकू आला. "अरे, पोलिसांत कुठे नाव नोंदलं गेलं तर? ग्रीन कार्डचं सगळं अडकून पडलंय आपलं." त्यांचंही चुकत नव्हतं. ग्रीन कार्डचे कागद एका टप्प्यापर्यंत सरकले की सरांना काम करायचा परवाना मिळणार होता. जवळच्या एका कम्युनिटी कॉलेजच्या विभागप्रमुखांनी त्यांना सांगून ठेवलं होतं की परवाना घेऊन या, वर्ग देतो. त्या एका वाक्यावर सर जगत होते. पण कागद सरकत नव्हते. वकिलाला विचारलं की तो म्हणायचा, अजून काही महिने. दुसरा हिवाळा आला, तिसरा आला, महिने काही संपेनात. सर आता तळ्यावर जात नव्हते, स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचे. मग क्लबहाउसमध्ये येणंही बंद झालं. मी काही द्यायला वर गेले की खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेले दिसायचे, मांडीवर हात ठेवून, तासन् तास. "काय चाललंय सर?" विचारलं तर म्हणायचे, "काही नाही. बसून राहिलो आहे." मुलीला विचारलं तर ती खांदे उडवून सांगायची, "बाबा इज इन टर्टल मोड, मावशी." एकदा जिन्यात वहिनींनी माझा हात धरला. "तू तरी काहीतरी कर गं. परवा मला म्हणतो, 'हललं नाही तर दुखत नाही.'" मी काय करणार होते? माझी स्वतःची खुर्ची होती, खालच्या मजल्यावर, त्याच खिडकीखाली.

आणि मग, त्या तिसऱ्या हिवाळ्यात, एका सकाळी आमची बेल वाजली. दारात सर. मफलर उलटासुलटा गुंडाळलेला, चेहरा पांढराफटक. माझ्या मनात नाही नाही ते आलं. "ताई," ते म्हणाले, "माझ्याकडून फार मोठी चूक झाली आहे. लॅक्टिक आम्ल निर्दोष आहे." मी त्यांना आत घेतलं, बसवलं. लायब्ररीत त्यांनी नवी नियतकालिकं वाचली होती. दुसऱ्या दिवशी पाय दुखतात ते आम्लामुळे नव्हे, स्नायूंचे धागे थोडे थोडे फाटतात म्हणून. ते आम्ल तर तास-दोन तासांत निघून जातं, यकृत त्याची पुन्हा साखर करतं, आणि हृदय ते चक्क इंधन म्हणून वापरतं. "टाकाऊ समजत होतो आपण ज्याला, त्याच्यावर हृदय चालतं हो," सर म्हणाले. मी हसून म्हटलं, "जाऊ द्या ना सर, माझ्या पिंडऱ्या केव्हाच बऱ्या झाल्या." ते हसले नाहीत. "इतकी वर्षं फळ्यावर लिहून दिलं मी. किती पोरं शिकून गेली. त्यांतली कितीतरी आता स्वतः मास्तर झाली असतील. तेच शिकवत असतील." त्यांचे डोळे भरून आले होते. मग ते क्लबहाउसच्या प्रत्येक बाईच्या दारी गेले आणि प्रत्येकीला ही दुरुस्ती सांगून आले. एकीला वाटलं यांचं डोकं फिरलं, इडली सोडलेलीला वाटलं आता खायला हरकत नाही. मला मात्र कितीतरी महिन्यांनी सर जागे झालेले दिसले.

त्याच सुमारास नागपूरहून प्राचार्यांचा फोन आला. रजा आता आणखी वाढवता येणार नाही, एप्रिलच्या आत रुजू व्हा, नाहीतर राजीनामा द्या. सरांचे वडील गिरणीत कामाला होते. मुलगा कॉलेजात लागला तेव्हा ते निवृत्त झाले होते, आणि दुपारी कॉलेजसमोरच्या पुलाच्या कठड्यावर जाऊन बसायचे. खिडकीतून मुलाचा आवाज बाहेर यायचा. त्यातलं त्यांना काही कळत नसे, पण तास संपेपर्यंत ते उठत नसत. ती नोकरी होती ही. एकीकडे ती, दुसरीकडे कधी येईल ते ठाऊक नसलेला परवाना, आणि मध्ये बायको आणि मुलगी. आठवडाभर वरच्या मजल्यावरून काही आवाज आला नाही. मग एका शनिवारी वहिनी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या.

"मी त्याला जा म्हटलं," त्या म्हणाल्या. चहाचा कप तसाच समोर होता. "मी परत जाऊ शकत नाही. हिची शाळा आहे, कर्जं आहेत, आणि खरं सांगू का, मला माझं काम आवडतं गं. एवढं शिकून मिळवलंय. पण रोज सकाळी त्या खुर्चीकडे बघून ऑफिसला जायचं, हे मला आता झेपत नाही. आमच्या तिघांत कुणी ना कुणी गुदमरणारच आहे. मग निदान आळीपाळीनं गुदमरू." असं म्हणून त्या खरंच हसल्या, आणि हसता हसता टेबलावर डोकं ठेवून रडल्या. सगळं ठीक होईल, असं म्हणण्याइतकी मी तेव्हा खोटारडी नव्हते. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

मार्चमध्ये सर निघाले. विमानतळावर सोडायला माझा नवरा गाडी सुरू करून बसला होता, बॅगा आत गेल्या होत्या, वहिनी घड्याळ बघत "अरे चल ना, फ्लाइट जाईल," म्हणून ओरडत होत्या, आणि सर तळ्याकडे चालत निघाले होते. सावकाश. मी मागोमाग गेले. बर्फ पातळ होऊन करडा पडला होता, ओंडक्याभोवती थोडं पाणी मोकळं झालं होतं. वर काही नव्हतं. सरांनी गाडीकडे वळून मुलीला हाक मारली. ती मागच्या सीटवर बसून होती, काच खाली करून ओरडली, "टर्टल्स आर बोरिंग, बाबा!" आणि काच वर केली. काचेआड ती रडत होती, ते आम्हा दोघांनाही दिसलं. "एप्रिलपर्यंत येईल वर," सर मला म्हणाले. "आलं की एक फोन करा." "आणि नाही आलं तर?" "तरी करा." मग आले तसेच, पाऊल पाऊल टाकत, गाडीकडे गेले. विमान त्यांना मिळालं, आता हे काही मी शास्त्रीय आधारानं समजावू शकत नाही.

सर गेल्यावर मुलगी रोज बसच्या आधी तळ्यावर जायला लागली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती कुणाला सांगतही नव्हती, पण माझ्या खिडकीतून मला दिसायचं. पाठीवर दप्तर, दोन्ही हात खिशात, अगदी बापासारखी उभी. बर्फ गेला, बदकं आली, झाडांना पालवी फुटली, ओंडका रिकामाच राहिला. मी मनाची तयारी करायला लागले होते. नाही आलं तर फोनवर काय बोलायचं, याची वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती, आणि त्यांतलं एकही मला धड वाटत नव्हतं. मग एप्रिलमधल्या एका सकाळी आमच्या दारावर धाडधाड हात पडले. मुलगी दारात. "मावशी... इट्स अप!"

आम्ही दोघी तळ्याशी गेलो. ओंडक्यावर ते बसलं होतं. कवचावर चिखल वाळलेला, मान होती नव्हती तेवढी उन्हाकडे ताणलेली, डोळे मिटलेले. ते तेच होतं का, मला माहीत नाही. मला सगळी कासवं सारखीच दिसतात, आणि त्या सकाळी मी खोलात शिरणार नव्हते. मोबाइलवरून, भारतात फोन करायच्या कॉलिंग कार्डाचे सगळे आकडे दाबले. नागपुरात संध्याकाळ असणार. फोन त्यांच्या वडिलांनी उचलला. कुठून बोलतेय ते सांगितल्यावर म्हातारे गृहस्थ घर हादरेल असे ओरडले, "अरे, अमेरिकेचा फोन आहे! गच्चीवरून ये खाली!" मग मला आवाज ऐकू आला. जिन्यावरच्या चपलांचा. धडधड, धडधड, एकावर एक. कुणीतरी दोन-दोन पायऱ्या गाळत उतरत होतं. वाटेत काहीतरी भांडं आदळलं, कुणीतरी "अहो, जपून!" म्हणालं, आणि मग रिसीव्हरमध्ये नुसत्या धापा ऐकू यायला लागल्या.

"सर, धावलात?" मी विचारलं. नुसता श्वास, आत, बाहेर, मोठ्ठा, घरघरता, वर्गभर ऐकू जाईल असा. मला त्या श्वासाचा हेवा वाटला, अगदी मनापासून वाटला, आणि वहिनींची आठवण होऊन रडूही आलं. मी फोन मुलीकडे दिला. "बाबा, ही'ज अप," ती म्हणाली. "ही'ज जस्ट सिटिंग देअर." ती फोन कानाला लावून ऐकत राहिली आणि मग माझ्याकडे बघून हसली. "मावशी, ही इज ब्रीदिंग सो लाउड." मी तिला म्हटलं, ऐक, बोलायला वेळ लागेल त्यांना. रस्त्यावर स्कूलबस आली, थांबली आणि निघून गेली. तिने मान वळवून पाहिलंही नाही. बऱ्याच वेळाने आम्ही शाळेकडे निघालो, दोघी, चालत.